न उडालेला बार

जळगावच्या सराफ बाजारात ललित शेठच्या पेढीच्या दाराशी प्लास्टिकची एक लाल खुर्ची असायची, आणि त्या खुर्चीवर कौतिक नाना. मांडीवर आडवी दुनळी बंदूक, बारा बोअरची. सकाळी साडेदहाला बसायचे, शटर पडलं की उठायचे. बावीस वर्षं हाच धंदा. येणारंजाणारं गिऱ्हाईक आधी बंदुकीकडे बघायचं, मग दुकानातल्या हारांकडे. मधल्या माणसाकडे बघायचं कोणाला काही कारणच नव्हतं. "आपल्याला काय त्याचं," असं नाना म्हणायचे. पण ते खोटं होतं. अहो, त्रेसष्ट वर्षांच्या माणसालाही कोणीतरी बघावं असं वाटतंच की!

मूळचे ते धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे. बंदूक वडिलांची. रानडुकरं मका लोळवायची म्हणून वडिलांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला होता. वाटणीत भावांनी विहिरीकडची जमीन घेतली, रस्त्याकडची घेतली, आणि यांना म्हणाले, "कौतिक, तुले बंदुकीना नाद शे, ती तूच ले." नाद कसला, एकदा-दोनदा हवेत बार काढला असेल. पण नानांना भांडता येत नव्हतं. परवाना नावावर करून घेतला, बायको प्रमिलाबाई आणि मुलगी नूतन यांना घेऊन जळगावला आले, मेहरूणमध्ये दोन खोल्या पाहिल्या आणि पेढीवर गनमन म्हणून लागले.

बंदुकीचेही नखरे होते बरं का. डावी नळी गुणाची, उजवी खट्याळ. पावसाळ्यात काडतूस जरा फुगलं की उजव्या नळीत जायला मागायचं नाही, अंगठ्याने रेटावं लागायचं. लाकडी दस्त्याला मुठीपाशी तडा गेलेला. नानांनी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली होती. पण जळगावचा मे महिना तो! पंचेचाळीस डिग्रीत ते रबर असं चिकट व्हायचं की हात सोडवून घ्यावा लागायचा. मग प्रमिलाबाईने जुन्या लुगड्याची पट्टी त्यावर शिवून दिली. घामाने ती काळी पडली, कडा विरल्या, पण मूठ हातात बसायची ती तिच्यामुळेच.

निवडणूक आली की शहरातल्या सगळ्या परवानेवाल्यांना पोलीस ठाण्यात बंदूक दाखवायला जावं लागायचं. तिथे बाकावर गनमन लोकांची मैफल जमायची. बँकेवरचा भाईदास फौजेतून आलेला, त्याला सगळं ठाऊक. कागदाच्या काडतुसापेक्षा प्लास्टिकचं बरं, दस्त्याला रबर लावू नये, आणि दहा वर्षांपुढचं काडतूस ठेवू नये, म्हणायचा. सगळे माना डोलवायचे आणि एकही जण काडतुसं बदलायचा नाही. जुन्याचा हिशेब द्या, अर्ज करा, हेलपाटे घाला, कोणी सांगितलंय? आणि बार काढायची वेळ येतेय कोणावर? बंदूक दिसली की पुरे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नानांवर मात्र ती वेळ आली होती. नऊ वर्षांपूर्वी.

मे महिनाच होता. दुपारचा एक वाजलेला, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. ललितचे वडील, म्हणजे थोरले शेठ, गादीवर डुलक्या काढत होते. तेवढ्यात एक माणूस पळत आला. डोक्याला हेल्मेट, तोंडाला रुमाल, हातात काळं, पिस्तुलासारख्या मुठीचं काहीतरी. तो थेट पायरी चढला. नाना उठले. 'थांब' म्हणायचं असतं, 'कोण आहे' विचारायचं असतं, हे सगळं त्यांना नंतर आठवलं. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि चार हातांवरून त्याच्या छातीवर चाप ओढला.

टक.

एवढंच. घोडा पडला आणि बार उडालाच नाही. तो माणूस क्षणभर जागीच उभा राहिला, मग वळला आणि पळत सुटला. खुर्ची पडल्याच्या आवाजाने आतले लोक जागे झाले. त्यांना दिसलं ते एवढंच, की नाना बंदूक रोखून उभे आहेत आणि हेल्मेटवाला पळतोय. मग काय विचारता! थोरल्या शेठनी पाठ थोपटली. "आमच्या नानांनी चापाला बोटसुद्धा न लावता दरोडेखोर पळवला," ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या सराफ बाजारात झाली. नानांनी मागच्या गल्लीत जाऊन काडतूस काढलं. घोड्याच्या टोल्याने पितळी बुडावर मधोमध खड्डा पडला होता. त्यांनी ते खिशात घातलं, घरी डब्यात तळाशी ठेवलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. हेल्मेट काखेत, तिशीचा, बारीक चणीचा. नाव भूषण, नशिराबादचा. दुकानांचे बोर्ड बसवायचं काम करायचा. हातात होतं ते ड्रिल मशीन, आणि जायचं होतं शेजारच्या कापडाच्या दुकानात. उन्हाने डोळे दिपले म्हणून पायरी चुकला. "माझंच चुकलं, नाना," तो म्हणाला. "सोन्याच्या दुकानात हेल्मेट घालून कोण शिरतं?" नानांनी त्याला समोरच्या टपरीवर चहा पाजला. बशीत चहा सांडला तो नानांच्या हातून.

थोरल्या शेठला नानांनी सांगितलं, तो चोर नव्हता हो. शेठ म्हणाले, "असू दे ना. गोष्ट चांगली आहे." म्हणजे संपलंच.

भूषण तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला पेढे घेऊन मेहरूणला यायचा. अर्धा तास बसायचा. "सांगा नाना," म्हणायचा. "काय सांगू बाबा," नाना म्हणायचे, आणि गुडघ्याचं, नूतनच्या सुरतच्या घराचं काहीतरी सांगायचे. शेजारी म्हणायचे, "नानांनी बोट आवरलं म्हणून तू आज आहेस रे." भूषण मान हलवायचा. नानांना तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. ज्याच्या छातीवर आपण चाप ओढला त्याचे पेढे खायचे म्हणजे काय असतं, ते खाणाऱ्यालाच ठाऊक. आणि तरी पाडव्याच्या आधी आठ दिवस नाना खोली झाडून ठेवायचे, कारण वर्षभरात त्यांच्या घरी आपण होऊन येणारा तेवढा एकच माणूस होता.

प्रमिलाबाईला सांगायचं एकदा मनात आलं होतं. त्याच वर्षी, खंडेनवमीला. तिची पूजा म्हणजे काय, घरातलं एक शस्त्र ती सोडायची नाही. विळा, अडकित्ता, पाटा-वरवंटा, आणि मधोमध बंदूक. बंदुकीला तेल, आणि दहाच्या दहा काडतुसं ताटात उभी, बुडं वर करून. एका वाटीत तिळाच्या तेलात कुंकू कालवायची, करंगळीशेजारचं बोट बुडवायची आणि प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडावर मधल्या गोल टिकलीवर अगदी नेमका टिळा लावायची. नाना हसले की म्हणायची, "काब्र हासतस? हाई त्यानं कपायच शे." ती टिकली म्हणजे काडतुसाचं कपाळच, असं तिचं म्हणणं. त्या वर्षी खड्डा पडलेलं काडतूस तिच्या हातात आलं. तिने त्या खड्ड्यातही तेल भरलं आणि पुढचं उचललं. नानांनी तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली, एवढंच. पुढे चार वर्षांनी ती गेली, किडनीच्या दुखण्याने, तीन महिन्यांत. नंतरच्या खंडेनवम्यांना नानांनी तसाच टिळा लावला, तसाच मोजून दहांना. "लावलं बरं का," असं ते मोठ्याने म्हणायचे. पाडव्याचा अर्धा तास सोडला तर त्या घरात वर्षातून तेवढंच एक वाक्य दुसऱ्या कोणाला उद्देशून बोललं जायचं. बाकी रविवारी नूतनचा फोन, तोही नातवंडांच्या गोंधळात.

यंदा फेब्रुवारीत ललित शेठनी त्यांना आत बोलावलं. थोरले शेठ आता नाहीत. ललित वागायला चांगला, पण नव्या पद्धतीचा. "नाना, इन्शुरन्सवाल्यांनी नवीन अट घातलीय. गनमनने गोळीबाराची चाचणी द्यायची, पोलिसांच्या मैदानावर. बंदूक, परवाना, असतील तेवढी सगळी काडतुसं घेऊन जायचं. तुम्ही काय, सहज पास व्हाल. नाही झालात तर," तो जरा घुटमळला, "एजन्सीचा माणूस घ्यावा लागेल मला."

नाना हो म्हणाले आणि बाहेर येऊन बसले. दारावरची खुर्ची गेली तर दिवसभर करायचं काय? 'नाना, पाणी' म्हणणारी झाडूवाली, 'नाना, चला येतो' म्हणणारा कारागीर, एवढीच तर माणसं होती. आणि मैदानावर चारचौघांत बंदूक टक करून राहिली तर? शिवाय ते खड्ड्याचं काडतूस! परवान्यावर दहा लिहिलेली, म्हणून दहाच्या दहा दाखवायलाच हवीत. त्या आठवड्यात एका सकाळी ते काडतूस खिशात घालून मेहरूण तलावापर्यंत गेले. फिरायला आलेले लोक हात वर करून जोरजोरात हसण्याचा व्यायाम करत होते. नाना काठावर उभे राहिले, खिशात काडतूस चाचपलं आणि तसेच परतले. नऊ झाली तर दहावं कुठे गेलं, हे कोणी विचारलं तर काय सांगणार?

चाचणीच्या दिवशी मैदानावर आणखी तिघे गनमन होते. इन्शुरन्सचा एक तरुण साहेब छत्री घेऊन उभा. चाचणी घेणारा होता हवालदार अभिमन, बंदुका दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला, एरंडोलकडचा. आधीच्या तिघांचे बार उडाले. कान बधिर झाले. मग नानांची पाळी.

त्यांनी दस्ता खांद्याला लावला, लुगड्याच्या पट्टीवर बोटं आवळली, फळीवर नेम धरला.

टक.

"दुसरी नळी," अभिमन म्हणाला.

टक.

छत्रीवाला साहेब हसला नाही, पण कागदावर काहीतरी लिहिलं. अभिमनने दोन मिनिटं थांबायला लावलं, मग बंदूक घेऊन बिजागरीत मोडून उघडली, काडतुसं बाहेर काढली आणि उन्हात धरली. घोडे नीट पडले होते, दोन्हीवर खड्डे स्वच्छ. त्याने बुडावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला.

"नाना, याला तेल कोणी लावलं?"

"पूजेचं आहे. खंडेनवमीचं."

"काडतुसाला?"

"दरवर्षी."

"अरे देवा!" अभिमनने कपाळाला हात लावला. "ही टिकली दिसते ना, यातच सगळा जीव असतो काडतुसाचा. हिच्या कडेने तेल आत झिरपलं की आतला मसाला मेला. एखाद-दुसऱ्या वर्षी चालून जातं. तुम्ही तर वर्षानुवर्षं पाजलंय!" तो बाकीची काडतुसं एकेक करून बघू लागला. एकापाशी थांबला. "हे तर आधीच कधीतरी मारलेलं दिसतंय."

नाना म्हणाले, "घरी. चुकून."

अभिमनने त्यांच्याकडे पाहिलं. मग ते काडतूस इतरांबरोबर डब्यात टाकलं.

"ही किती वर्षांपासून मेलेली असतील?" नानांनी विचारलं.

"दहा-बारा वर्षं तरी."

नाना तिथेच मातीत खाली बसले. नापास झाल्याचं म्हातारबांनी मनाला लावून घेतलं असं सगळ्यांना वाटलं. कोणी पाणी आणलं. नानांच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरंच होतं. नऊ वर्षं त्यांनी कधी बंदुकीला शिव्या दिल्या, कधी देवाचे आभार मानले. देव कुठला आलाय? मेहरूणच्या दोन खोल्यांत बसून प्रमिलाबाईने तेलाचं बोट लावलं होतं, म्हणून एक माणूस जिवंत राहिला आणि एक माणूस खुनी व्हायचा वाचला. आणि तिला ते कधी कळलंच नाही. सांगायला तोंड होतं, माणूस समोर बसलेला होता, आणि यांनी सांगितलं नाही. नानांना रडू आलं. चारचौघांत आलं, त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"उठा नाना," अभिमन म्हणाला. "बंदुकीत खोट नाही. ही दोन नवी घ्या, बघू."

धडाड! फळीचा तुकडा उडाला. दुसराही बार बिनचूक. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दस्त्याने नानांच्या खांद्याला धक्का दिला. छत्रीवाल्या साहेबाने सही ठोकली. जुनी दहा काडतुसं नष्ट करायला जमा झाली, नव्या दहांची नोंद परवान्यावर झाली. निघताना अभिमन म्हणाला, "आता तेल फक्त नळीला. काडतुसाला कुंकूसुद्धा नाही. कळलं?"

दोन दिवसांनी नाना नवी काडतुसं भरून खुर्चीवर बसले. लग्नसराई होती, दुकानात गर्दी. ललित शेठनी पेढे वाटले, "आमचे नाना पहिल्या नंबरात!" दुपारी एक बाई उन्हातून घाईघाईने पायरी चढली. तोंडाला, डोक्याला पांढरा स्कार्फ गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे, हात पर्समध्ये. अशा शंभर बाया रोज यायच्या. ती आत गेली, स्कार्फ सोडला, पावती काढली. नानांनी खाली पाहिलं. त्यांचं बोट चापावर होतं. कधी गेलं, त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात घातली आणि आत गेले.

"शेठ, मला आता मोकळं करा."

"काय झालं? अहो, पास झालात तुम्ही!"

"म्हणूनच."

ललित शेठला काही कळलं नाही. नानांनी समजावलंही नाही. त्याच संध्याकाळी बंदूक आणि काडतुसं ठाण्यात जमा केली. शिपायाने पावती दिली. दस्त्यावरची लुगड्याची पट्टी सोडून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. पण बंदूक आहे तशी घेतली पाहिजे, असा नियम निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एस.टी.ने नशिराबादला गेले. भूषणचं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, विचारत विचारत गेले. तो अंगणात बोर्डाच्या लोखंडी चौकटीला रंग देत होता. नऊ-दहा वर्षांची मुलगी ओट्यावर पाढे म्हणत होती. नानांना बघून तो उठला.

"नाना? आज? पाडवा तर लांब आहे."

त्याने खाट पुढे ओढली. नाना बसले नाहीत. बसलो तर पुन्हा गुडघ्याचंच बोलू, अशी त्यांना भीती वाटली.

"भूषण, त्या दिवशी मी बोट आवरलं नव्हतं. चाप ओढला होता. पुरा ओढला होता. आमच्या घरात काडतुसाला तेल लावायचे, त्याने ते मेलेलं निघालं. माझा त्यात काही चांगुलपणा नाही. मी तुला मारलंच होतं."

ओट्यावरचे पाढे चालूच होते. भूषणने ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवला.

"मले ऐकू आलं व्हतं, नाना."

"काय?"

"टक झालेलं. चार हातांवर तर व्हतो मी."

नानांनी विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी आलास कसा? माफी कशाची मागितलीस?"

"तुमचं तोंड पाहाले आलो व्हतो. ज्यानं आपल्याले मारलं तो माणूस कसा शे, ते पाहू म्हटलं." तो सावकाश बोलत होता, जणू फार दिवस जुळवून ठेवलेलं. "तुमचा हात थरथरत व्हता, चहा सांडला. म्हटलं, हा सांगीन. आज नाही तर पुढच्या टायमाले सांगीन. तुम्ही काही सांगितलं नाही. मग दिवाळीले आलो. दरसाल इचारलं, सांगा नाना. तुम्ही गुडघ्याचं सांगे."

नऊ वर्षं नाना एकटे होते. त्या एका आवाजाबरोबर एकटे. आणि तोच आवाज ऐकलेला माणूस दरवर्षी समोर बसत होता, हातभर अंतरावर, पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन. ते बोलले असते तर दोघं असते. हे कळलं तेव्हा ते खाटेवर बसले.

भूषणच्या बायकोने पाणी दिलं, मग चहा दिला. तिला यातलं काही ठाऊक असावं असं वाटलं नाही. भूषणने पुन्हा ब्रश हातात घेतला. चहा संपला, कप खाली ठेवला, तरी नाना उठेनात. शेवटी त्यांनी विचारलं.

"यंदा पाडव्याला येशील ना?"

भूषणने चौकटीची एक बाजू पूर्ण रंगवून काढली. मग वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट बरेच दिवसांचं ओझं उतरल्यासारखा मोकळा दिसत होता.

"आता काय काम राह्यलं, नाना?" तो म्हणाला.